सगळ्यांत वरची ओळ

आमच्या नाट्यगृहात टाईप करायला मनाई होती.

मनाई मोबाईललाही होती, सिगारेटलाही होती, आणि राजाचं काम करणारा नट सिंहासनावर बसून दोन्ही गोष्टी एकदम करायचा. पण टाईप करायची मनाई सगळे पाळायचे. रंगमंचाच्या डाव्या अंगाला माळ्यावर एक खोली होती, रंगमंचाकडे खिडकी असलेली. तिथल्या यंत्रावर दोर, पडदे, धूर, सरकती जमीन असं सगळं चालायचं. त्या यंत्राला हुकूम लेखी लागत. तोंडी सांगून ते ऐकत नसे. त्या बाबतीत ते मालकांपेक्षा बरं.

हे यंत्र बाणकाकांनी बसवलं. आमचं नाटक एकच, आणि ते वर्षानुवर्षं तेच. चांदणी आभाळातून खाली येते, लाकूडतोड्याशी लग्न करते, आणि दुष्ट राजाला जमीन गिळते. बाणकाकांनी अगदी सुरुवातीला नाटकाचे सगळे हुकूम एकदा टाईप केले. त्यानंतर त्यांनी अक्षरांच्या बटणांना बोट लावलं नाही. ती बटणं अजून कोरी करकरीत होती. फक्त वर जाणारा बाण आणि एन्टर, ही दोन झिजून गुळगुळीत झाली होती, म्हणून त्यांचं नाव बाणकाका.

युक्ती अशी होती. यंत्राला आपले जुने हुकूम आठवतात. वरचा बाण दाबत गेलं की एकेक जुनी ओळ समोर येते, आणि एन्टर मारला की ती पुन्हा चालते. काकांनी यंत्राला बजावून ठेवलं होतं की नाटकाला लागतात तेवढ्याच ओळी लक्षात ठेव, एकही जास्त नको. आणि जी ओळ चालली ती उचलून तळाला टाक. म्हणजे रहाटच. वरचं गाडगं रिकामं झालं की खाली जातं आणि त्याच्या पाठचं वर येतं. त्यामुळे पुढचा हुकूम नेहमी सगळ्यांत वर. बाण दाबत सुटायचं, ओळ हलायची थांबली की एन्टर. विचार करायची गरजच नाही, म्हणून ते काम मला दिलं.

"आणि काही नवीन टाईप केलं तर?" काका निवृत्त झाले त्या दिवशी मी विचारलं.

काकांनी आधी दार लावून घेतलं. "तर वरची ओळ पडते," ते म्हणाले. आवाज असा की जवळचं कुणी गेल्याचं सांगतायत.

"पडली तर?"

"पडली म्हणजे गेली रे बाबा. नवीन आली की सगळ्यांत जुनी जाते. घरात दुसरं काय होतं?"

आता माझ्याबद्दल. मला टाईप करायचा कंटाळा आहे. दादा, म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, मला शॉर्टकट म्हणतो. माझ्या फोनवर मी एकेका अक्षरात अख्खी वाक्यं बसवली आहेत. 'आ' टाईप केलं की 'आलोच, पाच मिनिटांत' जातं. 'अ' टाईप केलं की 'अभिनंदन! पार्टी कधी?' जातं. मालकांचे सासरे वारले त्या निरोपाखाली मला 'अरेरे' लिहायचं होतं. मी पहिल्या अक्षराच्या पुढे पोचू शकलो नाही. मालक त्यानंतर महिनाभर माझ्याशी जरा जास्तच प्रेमानं वागले.

तर असा माणूस माळ्यावर बसला. आणि तो बसला तो वहिनींच्या शब्दावर.

चांदणीचं काम वहिनी करतात. लाकूडतोड्या दादा. वहिनींना उंचीची भीती वाटते. घरी माळ्यावरचा डबा काढायचा असला तरी त्या स्टुलावर चढत नाहीत, दादाला चढवतात आणि खालून स्टूल धरून डोळे मिटतात. चांदणीच्या कामात मात्र कंबरेला पट्टा बांधून त्यांना पार वर टांगतात. इतकी वर्षं त्या बाणकाकांच्या भरवशावर वर गेल्या. काका जाणार म्हटल्यावर त्यांनी मालकांना सांगितलं, "यंत्रावर भावजी बसणार असतील तर मी वर जाते. परका माणूस असेल तर चांदणीला पायी पाठवा."

मला भरून आलं. "वहिनी, काळजी करू नका," मी म्हणालो. "मी आहे ना."

"म्हणूनच विचारते, भावजी. ते बाण दाबायचं काम नीट कराल ना? कंटाळणार नाही?"

"छे!"

तिसऱ्याच प्रयोगाला कंटाळलो.

माणूस म्हणून विचार करा. प्रत्येक हुकुमासाठी टकटकटकटक करत तळापासून वरपर्यंत जायचं. कशासाठी? मी घरी बसून एक छोटी सोय तयार केली. एक बटण दाबलं की ती स्वतः बाण दाबत वर जाते आणि एन्टर मारते. मॅक्रो म्हणतात त्याला. प्रयोगाच्या आधी ती यंत्रात नेऊन ठेवली. फक्त तिला जागं करायला काकांच्या यंत्रावर एक शब्द टाईप करावा लागणार होता. 'जाग'. दोन अक्षरं. काकांचा नियम आठवला. पण मी म्हटलं, सगळ्यांत जुनी ओळ पडणार ना? पडू दे. जुनीच तर आहे.

पुढचा हुकूम नेहमी सगळ्यांत वर असतो, हे मला माहीत होतं. नवीन शब्द आला की सगळ्यांत वरचा जातो, हेही मला माहीत होतं. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकाच वेळी राहत होत्या, पण त्यांची एकमेकींशी ओळख झालेली नव्हती.

शेवटच्या अंकात चांदणी वर गेली. निळा उजेड आला. वहिनींनी गाणं सुरू केलं. ते लांबलचक आहे, त्यात आभाळातल्या सगळ्या नातेवाइकांचा निरोप घेतात. पुढची ओळ मी काकांसारखी आधीच समोर आणून ठेवली होती, आता मला काही काम नव्हतं. मी 'जाग' टाईप केलं.

गाणं संपलं. दादानं खाली दोन्ही हात पसरले. "ये चांदणी, ये! धरती तुझी वाट पाहते आहे!"

मी माझं नवं बटण दाबलं. एकदाच. काय तो आनंद!

आणि राजा जमिनीत गेला.

त्याचं तेव्हा काही कामच नव्हतं. तो कोपऱ्यातल्या सिंहासनावर, अंधारात, फोनवर कुणाशी तरी बोलत होता. सिंहासन जे खाली निघालं ते थेट पाताळात. प्रेक्षकांना दिसला तो फक्त मुकुट, आणि ऐकू आलं, "अगं थांब, मी खाली चाललोय, नंतर करतो."

चांदणी होती तिथंच होती.

दादाचे हात पसरलेलेच. त्यानं मान न हलवता डोळे माझ्या खिडकीकडे वळवले. मी यंत्राकडे पाहिलं. बाण दाबत वर गेलो. सगळ्यांत वर ओळ होती पडद्याची. चांदणीला उतरवायची ओळ कुठंच नव्हती. मी परत खाली आलो, परत वर गेलो. किल्ली हरवल्यावर माणूस एकच खिसा पुन्हा पुन्हा तपासतो तसं. मग माझ्या डोक्यातल्या त्या दोन गोष्टींची एकमेकींशी ओळख झाली.

काकांना फोन लावला.

"काका, चांदणीला खाली आणायची ओळ काय होती?"

"वरच असेल की, बघ."

"पडली."

पलीकडून मग एक भांडं पडल्याचा आवाज. काका मटार सोलत होते, ते सगळे घरभर गेले असावेत.

"टाईप केलंस?" ते म्हणाले.

"एकच शब्द, काका."

"आणि सूनबाई?"

"वर आहेत."

"अरे देवा."

"काका, ओळ सांगा, मी टाईप करतो. आता काय, मनाई मोडलीच आहे."

"मला कुठे आठवते? एकदा टाईप केली होती, तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. त्यानंतर बाणच दाबला ना मी!"

"मग वर न्यायची ओळ आहे तळाशी. तिच्यात 'चढ'च्या जागी 'उतर' करू?"

"खबरदार!" काका इतक्या जोरात ओरडले की मी फोन कानापासून लांब धरला. "वर नेताना ब्रेक लागत नाही. खाली येताना लागतो. तो वेगळा शब्द आहे. तो नसला तर दोर सुटतो. यंत्र बसवताना मी एकदा वाळूचं पोतं विसरून तसंच सोडलं होतं."

"मग पोत्याचं काय झालं?"

"पोतं म्हणजे काय असतं रे? पोतं असतं तोवर पोतं."

"तो शब्द आठवा ना, काका."

"'हळू' असेल. नाही, 'बेतानं'. का 'जपून'? मी त्या दिवशी ज्या मनःस्थितीत होतो त्यातला काहीतरी शब्द होता. तू एक कर. काहीही टाईप करू नकोस."

हा सल्ला उशिरा आला होता.

मालक धावत माळ्यावर आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "पडदा पाड! पडदा पाड आणि नंतर बघू!"

"मालक, वहिनी पडद्याच्या पुढच्या बाजूला आहेत. पडदा पडला तर बाकी सगळे झाकले जातील आणि फक्त वहिनी दिसतील."

मालकांनी खिडकीतून पाहिलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. "शिडी?"

"ती दुसऱ्या अंकातल्या नावेला ठोकलीय. तुमच्याच सांगण्यावरून. नावेला बूड नव्हतं."

"नाव उभी करा!"

नाव उभी केली. दोन सैनिकांनी ती चांदणीखाली धरली. प्रेक्षकांना नवा प्रसंग वाटला, काहींनी टाळ्या वाजवल्या. नाव वहिनींच्या पायापासून दोन पुरुष खाली संपली. सैनिकांनी ती तशीच उभी धरून ठेवली, कारण परत आडवी करावी असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात मी वहिनींचा चेहरा पाहिला. आजवर मी तो चांदणीचा चेहरा म्हणून पाहत आलो होतो. चांदणीचं हसू होतं तसंच होतं, पण त्याच्यावरचे डोळे वहिनींचे होते. स्टूल धरताना मिटतात ते. दोन्ही हातांनी त्यांनी दोर धरला होता आणि बोटं पांढरी पडली होती. पट्टा कंबरेवरून वर सरकून बरगड्यांशी आला होता. पट्ट्यात फार वेळ राहायचं नसतं, श्वास अडकतो, हे काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

खाली दादाचे हात अजून पसरलेले होते. "चांदणी," तो म्हणाला, आणि हे वाक्य नाटकात नव्हतं, "तू ठीक आहेस ना?"

प्रेक्षकांत कुणीतरी हुंदका दिला. अभिनय म्हणजे असा, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा.

मी यंत्रासमोर बसलो. तळाजवळची ओळ समोर घेतली. 'दोर-सहा चढ'. त्यातलं 'चढ' पुसलं, 'उतर' लिहिलं, आणि पुढे काय लिहायचं म्हणून बोट हवेत धरलं. हळू? बेतानं? जपून? माझ्या बोटाखाली सख्खी वहिनी होती. आयुष्यात पहिल्यांदा मला टाईप करायची इच्छा होती आणि काय टाईप करायचं ते ठाऊक नव्हतं. चुकून एन्टर लागू नये म्हणून मी तो हात दुसऱ्या हातानं धरला. मालकांनी दोन्ही हात धरले. चार हात झाले आणि अक्कल एकाचीही नाही.

तेवढ्यात वहिनी गायला लागल्या.

चालीत गात होत्या, मघाच्या गाण्याच्याच. पण शब्द भलतेच. "दोर सहाऽऽ," त्या म्हणाल्या, "उतराईऽऽ."

दादा खालून बघत राहिला. मग माझ्या खिडकीकडे बघितलं. मग परत वर.

"दोर सहा, उतराई, सासरीऽऽ जमिनीलाऽऽ," वहिनी गायल्या. आवाज कापत होता, पण सूर पक्का. "ऐका हो ऐका, माळ्यावरच्या ताऱ्याऽऽ!"

माळ्यावरचा तारा म्हणजे मी. 'उतर' नव्हतंच, 'उतराई' होतं. आणि ब्रेकचा शब्द 'सासरी'! काकांनी हुकूम लिहिले तेव्हा त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं असणार. हा शब्द मला सात जन्मांत सुचला नसता. मी टाईप करायला लागलो. ती कोरी बटणं इतकी कडक होती की प्रत्येक अक्षराला मूठ मारावी लागत होती. आणि मध्येच अडलो. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि दादाला खुणावलं, दोन बोटं जवळ, मग लांब. जवळ? की लांब?

माझा भाऊ कलावंत आहे. तो गुडघ्यावर बसला आणि आर्त स्वरात म्हणाला, "हे चांदणी! या शब्दांच्या मध्ये मी जागा सोडू की नको?"

"सोड, लाकूडतोड्या, सोड!" वहिनी ओरडल्या. "प्रत्येक शब्दानंतर सोड! फक्त दोर आणि सहा यांच्यात आडवी रेघ आहे, त्यांना विलग करू नकोस!"

"रेघ!" दादा प्रेक्षकांकडे वळून म्हणाला. "दोघांच्या मध्ये एक रेघ आहे!"

पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी नवऱ्याचा हात धरला.

मी ओळ वाचली. परत वाचली. मालकांनी वाचली. फोनवर काकांना वाचून दाखवली. काका म्हणाले, "सासरी! हो रे!" आणि रडायला लागले. मग मी डोळे मिटले आणि एन्टर मारला.

दोर हलला. वहिनी खाली येऊ लागल्या, इतक्या सावकाश की वाटेत त्यांनी पदर सारखा केला. त्यांचे पाय दादाच्या हातांना लागले. दादानं त्यांना धरलं आणि सोडलं नाही. नाटकात इथं एक संवाद आहे. तो कुणीच म्हटला नाही. पाताळातून राजा म्हणाला, "झालं का?"

टाळ्यांनी छप्पर हललं. मी पडद्यासाठी बाण दाबत वर गेलो, तर पडद्याची ओळ नव्हती. अर्थातच नव्हती. मी नवीन टाईप केलं होतं, वरची पडली होती.

त्यामुळे नाटक संपेना. सगळे वाकून नमस्कार करत राहिले. प्रेक्षक टाळ्या वाजवत राहिले. मग टाळ्या थांबल्या, लोक एकमेकांकडे बघू लागले, कुणीतरी खोकलं. मग दादा पुढे होऊन म्हणाला, "या आता." पाहुण्यांना दारापर्यंत सोडावं तसं सगळ्या नटांनी प्रेक्षकांना बाहेर सोडलं. जाता जाता एक आजोबा खालून खिडकीकडे बघत मला म्हणाले, यंदाचा शेवट खरा वाटतो, असाच ठेवा.

वहिनी माळ्यावर आल्या. पट्टा अजून अंगावर होता. मी उभा राहिलो. पायांवर डोकं ठेवावं असं वाटत होतं, पण खोलीत वाकायला जागा नव्हती.

"वहिनी," मी म्हणालो, "तुम्हाला ती ओळ पाठ कशी?"

"काकांना डोळ्यांनी कमी दिसायचं. अक्षरं ताटाएवढी करून ठेवायचे. मी वर लटकले की समोर ही खिडकी, आणि खिडकीत ती एकच ओळ. खाली बघितलं की चक्कर येते. मग दुसरं काय वाचू? गाणं म्हणायचे तोंडानं आणि मनात तीच ओळ. दर प्रयोगाला. ती जोवर तिथं आहे तोवर मी खाली येणार, एवढं मला माहीत होतं." त्या थांबल्या. "आज गाणं म्हणताना ती माझ्या डोळ्यांदेखत गेली, भावजी. तुम्ही काहीतरी टाईप केलंत आणि ती गेली. उरलेलं अर्धं गाणं मी तसंच म्हटलं."

म्हणजे त्यांना माझ्याही आधी कळलं होतं. मी आनंदात बटण दाबायच्याही आधी.

"वहिनी, मी उद्यापासून येत नाही," मी म्हणालो. "तुम्ही परत वर जायला तयार व्हाल अशा कुणाला तरी बसवा."

"वर मी जाणार," त्या म्हणाल्या. "माझं काम आहे ते. आणि बसणार तुम्हीच. परका माणूस आला तर मला परत पहिल्यापासून भीती वाटायला लागेल." त्यांनी कंबरेचा पट्टा सोडला आणि माझ्यापुढे धरला. "पण आधी हा बांधा."

"मी?"

"तिथून कसं दिसतं ते एकदा बघून या."

दादानं जिन्यातून माझ्याकडे पाहिलं आणि लाकूडतोड्याचा चेहरा करून बाजूला झाला. त्याच्या बायकोपुढे तोही स्टुलावर चढतो.

रिकाम्या नाट्यगृहात मला वर नेलं. वर नेताना ब्रेक नसतो हे खरं आहे. पाय सुटले आणि पोट खालीच राहिलं. खाली खुर्च्यांच्या रांगा होत्या, उभी धरलेली नाव होती, दोन सैनिक होते, आणि ज्या भोकात राजा गेला ते भोक होतं. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कुठल्याच अक्षरात बसवलेला नाही. डोळे मिटायचे होते, पण ते मिटेनात. मग समोर खिडकी दिसली. खिडकीत वहिनी यंत्रासमोर बसल्या होत्या.

"बाण दाबा, वहिनी!" मी ओरडलो. "ती ओळ असेल तिथंच! नुसता बाण दाबा!"

"असू दे," वहिनी म्हणाल्या. "मी टाईप करते."

त्यांनी पदर खोचला. चष्मा लावला. एक बोट वर उचललं, सगळ्या बटणांवरून सावकाश फिरवलं, आणि म्हणाल्या, "अहो, यातला 'द' कुठे असतो?"